घरचा पडदा मोठा झाला, पण सिनेमा काही संपेना!

मध्यंतर (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत आम्ही हॉलमधली जुनी शोकेस मोडीत काढली आणि त्या भिंतीवर पडदा लावला. शंभर इंची. छताला प्रोजेक्टर, पाच स्पीकर, कोपऱ्यात एक वूफर, खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले ते वेगळेच. सगळं मिळून दीड लाखाच्या वर गेलं. बायकोपुढे मी रीतसर हिशोब मांडला होता. दोघांची तिकिटं, पार्किंग आणि मधलं खाणं धरून एका सिनेमाला हजार-बाराशे जातात. महिन्याला दोन धरले तर सहाएक वर्षांत पैसे वसूल. त्यात आई (वय ८१) आमच्याजवळ असते, तिला एकटं सोडून जायची काळजीही मिटली.

मला याद्या करायची खोड आहे. दिवाळी ते होळी आम्ही घरी ३१ सिनेमे सुरू केले. शेवटपर्यंत पाहिले ९. उरलेले २२ कुठे ना कुठे लोंबकळतायत. कधी चहा, कधी वॉचमनचा फोन, कधी "अरे, हा नट कोण, कशात होता बरं?" म्हणून मोबाइल उघडला तो पाऊण तास मिटलाच नाही. आणि मग "उरलेला उद्या बघू". तो उद्या अजून उगवायचाय.

आता खरी गोष्ट. परवा पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं, हातात तीन तास मोकळे होते, म्हणून एकटाच एका मल्टिप्लेक्समध्ये शिरलो. सिनेमा तसा बेताचाच. पहिला अर्धा तास इतका संथ की घरी असतो तर नक्की बंद करून टाकला असता. पण रांगेच्या मधोमध बसलेलो, उठायचं तर सहा जणांचे गुडघे ओलांडायचे, आणि तीनशे रुपये भरलेले. बसून राहिलो. पाऊण तासानंतर त्या सिनेमाने मला असं काही धरलं की दिवे लागले तेव्हा कळलं, आपण फोन बघितलाच नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. पडदा, आवाज, अंधार सगळं घरी आणता आलं, "उठता येत नाही" ही सोय तेवढी आणता आली नाही. तुमच्याकडे काय अनुभव? घरी काही शिस्त लावता येते का, की हा दीड लाखाचा पडदा आता क्रिकेटसाठीच ठेवायचा?

---

खारेदाणे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (घरचे. साठ रुपयांत अख्खं पातेलं.)

---

कळफलक

दीड लाख घातलेत तर निदान सेटिंग तपासा. तंत्राच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "थिएटरचं चित्र भारी" असं लोक सरसकट म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे.

थिएटरचा पडदा मुळात फार उजळ नसतो. डिजिटल प्रोजेक्शनचं प्रमाण ४८ निट्स (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आहे. तुमच्या हातातला फोन उन्हात याच्या दहापट सहज जातो. म्हणजे उजेडात घरचा टीव्ही थिएटरला कधीच मागे टाकून गेलाय. थिएटर जिंकतं ते अंधार आणि आकार या दोन गोष्टींवर. डोळा अंधाराला सरावला की तेवढाच उजेड पुरतो, उलट दोन तास बघायला सुखाचा वाटतो.

दुसरं, माहितीचा ओघ. थिएटरला जी डिजिटल प्रत जाते ती सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत असू शकते. घरी ४के म्हणून जे येतं ते पंधरा-वीसच्या आसपास. उजेडातल्या प्रसंगात फरक कळत नाही, पण धुकं, धूर, रात्रीचं आकाश आलं की भिंतीला पोपडे धरल्यासारखे पट्टे दिसतात ते यामुळे.

तिसरं, आणि ही सगळ्यात मोठी तक्रार: "मारामारी कानठळ्या बसवते, संवाद ऐकू येत नाहीत." सिनेमाच्या आवाजाच्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. थिएटरात तो स्पीकर पडद्याच्या मागेच असतो, पडद्याला त्यासाठी बारीक भोकं असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये सगळं कोंबलं की संवाद बुडतात. तुमच्याकडे मधला स्पीकर आहे, त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवून बघा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी "नाइट मोड" किंवा संवाद वाढवायचं जे काही बटण असेल ते चालू करा.

आणि टीव्हीवाल्या सगळ्यांना कळकळीची विनंती: ते मोशन स्मूदिंग बंद करा हो! सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही त्यात स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसवतो आणि चांगला चाललेला सिनेमा सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. नव्या टीव्हीत "फिल्ममेकर मोड" असतो, तो लावला की ही भानगड संपते.

उठण्याबद्दल मात्र माझ्याकडे सेटिंग नाही.

---

दीडपट

मी २३. होस्टेलवर राहतो. सिनेमे फोनवर, इअरफोन घालून, दीडपट वेगाने बघतो. गाणी आली की पुढे. दोन दिवसांत एक सिनेमा होतो. काका लोक चिडतील माहीत आहे.

---

खारेदाणे

@दीडपट, चिडत नाही रे. लग्नाच्या पंगतीत वाढपी धावत यायचे तेव्हा आम्हीपण जिलबी दीडपट वेगानेच खाल्ली आहे. (दिवा घे, म्हणजे हलकेच घे)

---

दोन_मशीन

धागा वाचून राहवलं नाही. तालुक्याच्या टॉकीजमध्ये मी २२ वर्षं ऑपरेटर होतो. आता टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय आहे, आणि तिथं लोक नवरा-नवरीचे सिनेमे दाखवतात.

तुम्ही उठता येत नाही म्हणता. आम्हाला तर खरंच उठता यायचं नाही. केबिनमध्ये दोन मशिनी. एक रीळ दोन हजार फुटांचं, चालायचं वीस-बावीस मिनिटं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशिनीची मोटर चालू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदली. जमलं तर पब्लिकला पत्ता लागत नाही, चुकलं तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या, आईबापावरून शिव्या. झेनॉन दिवा आमच्याकडं उशिरा आला, त्याच्या आधी कार्बनच्या कांड्या. त्या जळून आखूड होत जातात, म्हणून सारख्या जवळ आणत राहायच्या. जेवणसुद्धा एका हातानं. २२ वर्षांत किती सिनेमे दाखवले त्याला गणती नाही, पण सलग असा एकही बघितला नाही. मी ठिपके बघायचो.

आणि शेजारच्या गावच्या टॉकीजशी आमची एकच प्रत वाटून असायची. आमच्याकडं दोन रिळं झाली की एक पोरगा पेटी सायकलला बांधून तिकडं निघायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिकडच्या पब्लिकला मध्यंतर दीड तासाचं. कुणी घरी जायचं नाही. भजी खायचे, गप्पा मारायचे, पोरं झोपायची, सायकलची घंटा वाजली की सगळे आत.

डिजिटल आल्यावर हे सगळं गेलं. त्याचं वाईट वाटून घेत नाही. पूर्वी मुंबईत लागलेला सिनेमा आमच्याकडं सहा-आठ महिन्यांनी घासून रेघा पडलेला यायचा, डिजिटल झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी यायला लागला. पब्लिक मात्र पहिल्या शुक्रवारी आलंच नाही, ती गोष्ट निराळी.

---

मांडवी

@दोन_मशीन, काय लिहिलंय! सायकलच्या घंटेवर एक वेगळा धागा काढाच.

---

कळफलक

@दोन_मशीन, दंडवत. मी निट्स मोजत बसलो आणि तुम्ही ठिपके.

---

सोबतीण_४

वाचत होते, आता लिहितेच.

@मध्यंतर, तुम्ही म्हणता घरी उठता येतं म्हणून सिनेमा पुरा होत नाही. कोण उठतं हो?

मी डोंबिवलीत राहते, नोकरी करते, घरात आम्ही पाच जण. आमच्याकडेही मोठा टीव्ही आहे. रविवारी सगळे मिळून सिनेमा बघायचा असं ठरतं. मी बघते तो असा: सुरुवातीची नावं, मग कुकरच्या शिट्ट्या, मग मधला एक प्रसंग ओट्यावरून मान लांब करून, मग "पाणी दे गं", मग शेवटची मारामारी. "थांबवू का?" असं विचारतात, नाही असं नाही. पण चार माणसं माझ्यासाठी थांबून माझ्या तोंडाकडे बघतायत हे मलाच नको होतं, म्हणून मी म्हणते "चालू द्या, मला कळतंय." काही कळत नसतं.

घरच्या सिनेमाला पॉज बटण आहे हे खरं, पण ते मी दाबायचं ठरवलं तर अख्खं घर माझ्यावर उपकार केल्यासारखं थांबतं. थिएटरात मी अडीच तास कुणाची कुणी नसते. अंधारात कुणाला दिसतच नाही की मी रिकामी बसलेय.

२०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' लागला होता तेव्हा आमच्या ऑफिसच्या, सोसायटीच्या, भिशीच्या बायका घोळक्याने गेल्या, ते आठवत असेल. पेपरात त्यावर बरंच हसून लिहिलं गेलं, साड्या काय, गॉगल काय. सिनेमा चांगला की वाईट हा वाद मला घालायचाच नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या शेजारची पन्नाशीतली बाई मध्यंतरातही उठली नाही. म्हणाली, "बसू दे गं, उठायला कुणी सांगत नाहीये तोवर."

---

मांडवी

+१. दुसरं काही लिहायचं उरलंच नाही.

---

दीडपट

हे असं कधी वाटलंच नव्हतं. आईला फोन करतो.

---

साडेपाचची_एसटी

पुण्या-मुंबईची मंडळी "घरी की थिएटर" असं विचारू शकतात याचंच नवल वाटतं. आमच्या तालुक्यात थिएटर नाही. होतं एक, त्याचं आता काजूचं गोदाम झालंय. जवळचं थिएटर चाळीस किलोमीटरवर. तीनचा खेळ धरला तर साडेपाचची एसटी चुकते, पुढची आठला, ती येईल की नाही ते चालकाच्या आणि घाटाच्या मर्जीवर. म्हणून मी आयुष्यात कितीतरी सिनेमांचे शेवट बघितलेले नाहीत. सव्वापाचला उठायचं आणि स्टँडवर पळायचं. घरात नेट आल्यावर पहिल्या महिन्यात मी काय केलं असेल? वीस वर्षांत राहून गेलेले शेवट बघून काढले. सलग. फक्त शेवटची वीस मिनिटं, एकामागून एक.

तेव्हा घरच्या पडद्याला नावं ठेवू नका. तुमच्याकडे सुरुवाती लोंबकळतायत, माझ्याकडे शेवट लोंबकळत होते.

---

खारेदाणे

एसटीवाल्यांना या धाग्याचं पहिलं बक्षीस. दोन_मशीनकाका उत्तेजनार्थ मानायला तयार नसतील, त्यांनाही पहिलंच.

बाकी कुणी पॉपकॉर्नच्या भावावर बोलणार आहे की नाही? सातशे रुपये! मक्याचे!! शेतकऱ्याला किलोमागे काय मिळतं ते विचारा एकदा. २०१८ मध्ये याच्यावर पुण्यात केवढा राडा झाला होता. घरचे लाडू आत नेऊ देत नाहीत म्हणजे काय? मी तर पाण्याची बाटली...

---

मांडवी

पाणी मागायचं! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्याला आहे, पण प्यायचं चांगलं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी बेताचं खाणं आणलं तर अडवायचं नाही. मी दरवेळी काउंटरवर मागते. आधी बाटली दाखवतात. मग मी नुसती उभी राहते. मग कोपऱ्यातला कूलर दाखवतात.

---

खारेदाणे

आणि त्या कराचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के केला. छान! आता फक्त शंभर रुपयांचं तिकीट कुठे मिळतं तेवढं...

---

संपादक

पॉपकॉर्न, लाडू, पार्किंग आणि कर यांवरचे १४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. वानगीदाखल वरचे तेवढे ठेवले. इथे मूळ विषयावर लिहावे. खारेदाणे, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

निमूट

मूळ विषयावर उलट बाजूने लिहितो.

मला लहानपणी आलेल्या तापानंतर नीट ऐकू येत नाही. दोन्ही कानांना यंत्र आहे. थिएटरात यंत्राचा उपयोग कमी आणि त्रास जास्त, कारण ते सगळंच वाढवून देतं: पार्श्वसंगीत, एसीची घरघर, मागच्याचं कुरकुर वाजणारं पाकीट. संवाद मी ओठांवरून वाचायचो. नट पाठमोरा झाला किंवा अंधारात बोलला की माझ्यापुरता सिनेमा संपला. शाळेची सहल म्हणून सिनेमाला न्यायचे तेव्हा सगळे हसले की मी एक सेकंद उशिरा हसायचो.

घरी मला खाली अक्षरं मिळाली. थांबवून वाचता येतं, मागे नेता येतं. @मध्यंतर, तुम्हाला जे बटण शत्रू वाटतंय त्याने मला सिनेमा दिला. तेहतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की एका नटाचे विनोद तोंड वाकडं करण्यात नव्हते, शब्दांत होते.

गंमत अशी की मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला पुष्कळदा इंग्रजी अक्षरं असतात, अमराठी प्रेक्षकांसाठी. म्हणजे माझ्याच भाषेतला सिनेमा मी इंग्रजी वाचून समजून घेतो. आपल्या लोकांना मराठी अक्षरं लागत असतील हे कुणाच्या ध्यानीमनीच नसतं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी थिएटरात काय सोयी हव्यात याची नियमावली काढली आहे. मी ज्या थिएटरांत गेलो त्या ठिकाणी काउंटरवर विचारलं, तर त्यांनी मला व्हीलचेअर हवी का असं विचारलं.

---

मध्यंतर

@निमूट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ते बटण सगळ्यांच्याच हातातून काढून घ्यायला निघालो होतो असं वाटलं. माझं म्हणणं माझ्यापुरतंच ठेवतो.

@सोबतीण_४, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. जरा वेळ द्या.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. आमच्याकडे मराठी सिनेमा म्हणजे एखाद्या शनिवारी दुपारी एकच खेळ, आणि तोही मंडळाने महिनाभर आधी मागे लागून तिकिटं खपवलेली असतील तर. तिथे जाणं म्हणजे निम्मं सिनेमा आणि निम्मं लग्न. पार्किंगमध्येच अर्धा तास जातो, कुणाची मुलं केवढी झाली, कुणाचे आईवडील आलेत. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आजी-आजोबांसाठी तर ती मोठीच गोष्ट. घरी टीव्हीवर रोज मराठी मालिका बघतात, पण अनोळखी मराठी माणसं एकाच वेळी हसलेली त्यांना महिनोन्‌महिने ऐकू आलेली नसतात.

एक विनोद सांगतो. इथल्या थिएटरांत मध्यंतर नसतं. आपला सिनेमा मध्यंतरापाशी येतो, पडद्यावर ती अक्षरं उमटतात, सगळे आजोबा सवयीने उठून उभे राहतात, आणि दोन सेकंदांत पुढचा प्रसंग सुरू! मग अंधारात "बसा बसा", "अहो, डोकं". दरवेळी होतं. (धागाकर्त्याचं नाव वाचून आठवलं.)

---

मांडवी

मी पणजीची. २००४ पासून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आमच्याकडे भरतो, तेव्हापासून दर नोव्हेंबरला रजा टाकते. @मध्यंतर, तुमच्या "थिएटरात उठता येत नाही" याला तिथे छेद जातो. महोत्सवात लोक सर्रास उठतात! वीस मिनिटं बघायचं, आवडलं नाही की दुसऱ्या पडद्याकडे पळायचं. गळ्यात पट्टा, हातात वेळापत्रक, चालू सिनेमात वेळापत्रकावर मोबाइलचा उजेड पाडणारे महाभाग. थिएटरात बसलं म्हणून माणूस बसतोच असं नाही. पुढे आणखी काही मिळणार आहे असं वाटलं की बूड टेकत नाही. घरी तेच होतं, तिथे तर हजार सिनेमे रांगेत उभे.

मी एक करते. घरी सिनेमा निवडायचा दिवस वेगळा आणि बघायचा दिवस वेगळा. बुधवारी ठरवते, शनिवारी बघते. शनिवारी यादी उघडायचीच नाही. तेवढ्याने निम्मं काम होतं.

---

दोन_मशीन

घरी बघणं म्हणजे एकट्यानं बघणं हे अलीकडचं. आमच्या वाड्यात पहिला टीव्ही आला तेव्हा रविवारच्या सिनेमाला पस्तीस माणसं. घरमालकीण दारात उभी राहून चपला मोजायची. मग व्हीसीआरचे दिवस आले. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, वर्गणी काढायची, आणि पैसे वसूल व्हायला पाहिजेत म्हणून तीन सिनेमे लागोपाठ. पहाटे तिसऱ्या सिनेमाला निम्मे घोरत असायचे, पण बंद करू द्यायचे नाहीत. हेडवर कचरा बसला की चित्रावर मुंग्या, मग कोरी नोट घेऊन हेड पुसायचं.

गणपतीत रस्त्यावर पांढरी चादर लावून १६ एमएमचा सिनेमा असायचा. समोर जागा नसली तर चादरीच्या मागं बसायचं. तिकडून सगळे डावखुरे दिसायचे आणि नावं उलटी. माझ्या मंडळींनी लग्नाआधी बरेच सिनेमे मागच्या बाजूनंच बघितले, कारण पुढं पुरुष. लग्नानंतर मी पासावर टॉकीजला नेलं तर म्हणाली, "हा उजव्या हातानं जेवतो होय?"

---

सोबतीण_४

@दोन_मशीन, काकूंना नमस्कार सांगा.

---

कळफलक

मांडवींच्या बुधवार-शनिवारला अनुमोदन. आणि आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आता "थांबा, घरी येईलच" ही सवय सगळ्यांना लागली आहे. हिंदी सिनेमा आठ आठवड्यांच्या आत ओटीटीवर येणार असेल तर मोठे मल्टिप्लेक्स तो लावायलाच नकार देतात. दोन महिने म्हणजे काय, डोळ्यांची पापणी लवते न लवते. मराठी सिनेमाचे हाल तर त्याहून जास्त. २०१५ मध्ये सरकारने दुपारी बारा ते रात्री नऊच्या मधे मराठी खेळ ठेवायला लावला खरा, पण बारा वाजताचा खेळही त्यात बसतोच की. मंगळवारी दुपारी बाराला कोण जाणार? सोबतीण_४ आणि त्यांची भिशी सोडून.

---

सोबतीण_४

जातो. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहोत. हाफ डे टाकून.

---

साडेपाचची_एसटी

तुमचा बारा वाजताचा खेळ आम्हाला द्या. बाराचा खेळ म्हणजे अडीच-तीनला सुटणार. एसटी आरामात मिळते, वर बाजारहाटही होतो.

---

मध्यंतर

दहा दिवसांनी लिहितोय. @सोबतीण_४ यांना उत्तर द्यायचं होतं.

माझी यादी परत काढली. त्या २२ सिनेमांपुढे मी फक्त "अर्धवट" असं लिहिलं होतं. बायकोला (तिला आठवतं, मला नाही) विचारत विचारत प्रत्येकापुढे कारण लिहिलं. आईचं औषध. आईला उठवून न्हाणीघरात नेणं. माझा चहा. माझाच चहा. मुलीचा फोन, जो मी "तुझी आई बोलेल" म्हणून पुढे सरकवला. दूधवाला. माझा चहा. बावीसपैकी सोळा वेळा ती उठली होती. मी उठलो चार वेळा, त्यातले दोनदा वीज गेली म्हणून. उरलेले दोन खरंच टाकाऊ निघाले. आणि ती उठली की मी थांबवायचो, थांबवलं की फोन हातात घ्यायचो, ती परत यायची तेव्हा मीच गेलेला असायचो. यादी मी ठेवत होतो, उठत ती होती.

मग बुधवारी दुपारी ती तिच्या दोन मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्याशिवाय सिनेमाला पहिल्यांदा. मी रजा घेऊन आईपाशी. म्हटलं, आपणही शंभर इंचावर एक सिनेमा पुरा करू. मधल्या स्पीकरची पातळी वाढवली (आभार, कळफलक), फोन कपाटात ठेवला आणि लावला.

अकरा वेळा उठलो. मोजलं. कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या ते विचारायला तिला फोन करणार होतो, तर फोन कपाटात. आईने दोनदा विचारलं, "ती कुठाय?" तिसऱ्यांदा म्हणाली, "तू कशाला तडमडतोयस, बस की." मग तिलाच हॉलमध्ये आणून बसवलं. तिने दहा मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे एवढे मोठाले का दिसतायत?" सिनेमा अर्धवट राहिला. यादीत ३२वा.

बायको साडेसहाला आली. चेहरा असा की मी चहा टाकला, न सांगता. विचारलं, कसा होता? म्हणाली, "चांगला होता." शेवट काय झाला?

"जाऊन बघ," म्हणाली.

---

खारेदाणे

चहात साखर किती घातलीत ते लिहिलं नाही.

---

मध्यंतर

घालायची राहिली.